डावा आरसा मास्तरचा

६ जानेवारी, सोमवार

ही वही खरं तर हिशेबाची. गेली तेवीस वर्षं दर डिसेंबरात एक घेतो, जाड पुठ्ठ्याची, लाल रेघांची. यंदाचीही घेऊन ठेवली होती आणि मग कर कार्यालयाचं पत्र आलं. स्वतःचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने यापुढे जमाखर्च फोनमधल्या ॲपवर ठेवायचा, पावतीचा फोटो जोडायचा आणि दर तीन महिन्यांनी सगळं वर पाठवायचं. वही बिनकामाची झाली. दुकानदार परत घेईना. म्हटलं, ॲपमध्ये जे मावत नाही ते हिच्यात लिहू.

आज त्या ॲपचा वर्ग होता. कर कार्यालयाचा वरचा मजला, तीस खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. न्हावी होते, नळदुरुस्तीवाले होते, घरी शिवणकाम करणाऱ्या दोघी होत्या. ट्रक चालवायला शिकवणारा मी एकटाच. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान. "आपापला व्यवसाय निवडा," ती म्हणाली. यादीत सगळे होते, मी नव्हतो. शेवटी तिने 'इतर शिक्षक' उघडून दिलं, त्यात सापडलं: 'नृत्य, गायन, वाहनचालन व इतर कला'. तेच दाबलं. म्हणजे सरकारदरबारी मी आता नाचगाण्यात. शिकणाऱ्यांना जन्मभर 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणत आलो, त्याचं फळ.

इथवर हसण्यावारी नेलं. पुढचं लिहायला लाज वाटते. फोटो काढायच्या जागी मी पुसून टाकायचं बटण दाबलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा त्या मुलीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "द्या काका, मीच करते." मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले. ट्रकमध्ये मी शिकणाऱ्यांना काय काय बोलतो ते आठवलं. "स्टिअरिंग आहे ते, जातं नव्हे." "आरसा भांग पाडायला दिलाय का?" तेही असेच कान तापवून घरी जात असतील.

निघताना ती सगळ्यांना म्हणाली, "खर्च झाला की तिथल्या तिथे नोंद करा. मिनिटाचं काम आहे. नंतर करू म्हणणारे सगळे मार्चअखेर माझ्यासमोर रडत येतात." मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी हिच्यासमोर परत यायचं नाही. घरी बायकोने काय शिकलात विचारलं तेव्हा सोपं आहे म्हणालो.

९ जानेवारी, गुरुवार

लेक एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला आहे. तिने संध्याकाळी फोन घेऊन सगळं नीट लावून दिलं. मी फक्त फोटो काढायचा, रक्कम ॲप आपोआप वाचतं, वेळ आणि ठिकाणही आपोआप पडतं. रविवारी ती एकदा नजर टाकणार. "चुकलं तर चुकलं बाबा, दुरुस्त करता येतं," ती म्हणाली. पहिली नोंद केली: ट्रकच्या काचेचा वायपर, एक नग. पाच मिनिटं लागली. ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "एवढ्या लक्षाने माझ्याकडे कधी बघितलं नाहीत."

२० जानेवारी, सोमवार

अकरा दिवसांत एकही नोंद चुकली नाही. लेक म्हणाली, त्यांच्या ऑफिसात येणारे तरणेताठेसुद्धा इतकं नेमाने करत नाहीत. मला फार बरं वाटलं.

सध्या चार जण शिकताहेत. त्यांत बेकरीवाल्या बाई सगळ्यांत उजव्या. अकरा वर्षं भट्टीवर काम केलं, बेकरी बंद पडली. नवरा नाही, दोन मुली, म्हातारे सासरे. दूध कंपनीने सांगितलंय, एक मार्चपर्यंत जड वाहनाचं लायसन्स आणा, पहाटेचा मार्ग तुमचा. परीक्षा चोवीस फेब्रुवारीला. परीक्षेला बसायला मास्तरची सही लागते आणि माझी सही स्वस्त नाही. पण या बाईंना मी डोळे मिटून सही देईन. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. भट्टीसमोर उभं राहिलेलं माणूस घाई करत नाही, असं मी परवा त्यांना म्हणालो तर हसल्या.

आज त्यांना ट्रक मागे घ्यायला शिकवायला सुरुवात केली. माझा नियम जुना आहे आणि सगळ्या यार्डाला, म्हणजे जिथे मी सराव करून घेतो त्या मैदानाला, पाठ आहे: उजवा आरसा तुमचा, डावा आरसा मास्तरचा. मागे घेताना चालवणाऱ्याला डावी बाजू दिसत नाही. ती मी बघणार. मी 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणतो तोवर या, 'थांबा' म्हटलं की जागच्या जागी थांबा. मधे शंका काढायची नाही, मान वळवून बघायचं नाही. शिवाय माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतोच. बाईंनी विचारलं, "आणि तुमचं चुकलं तर?" मी म्हणालो, "तेवीस वर्षांत चुकलेलं नाही."

५ फेब्रुवारी, बुधवार

एक सोय लक्षात आली. शिकणारा यार्डात ट्रक पुढेमागे घेत असतो तेव्हा मला तसं काम नसतं. तेवढ्यात पावत्या उरकतात. आज पंक्चरची आणि यार्डभाड्याची अशा दोन केल्या. तिथल्या तिथे म्हणजे तिथल्या तिथे. ही म्हणते जेवताना तरी तो फोन बाजूला ठेवा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज यार्डात ट्रक चौकीच्या भिंतीला लागला. आत कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे यार्डाचा पहारेकरी, येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकतो म्हणून नाव पडलं. भिंत आत आली, तो स्टुलावरून पडला, मनगट मोडलं. बाई चालवत होत्या. मागे घेताना त्यांचं लक्ष राहिलं नाही. जास्त लिहवत नाही.

आजच्या नोंदी मात्र पूर्ण आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काल शेठ, म्हणजे यार्डाचे मालक, धावत आले. "काय झालं मास्तर?" मी म्हणालो, "मी थांबा, थांबा म्हणून ओरडतोय, बाईंनी ऐकलंच नाही." बाई अजून स्टिअरिंग धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला ऐकू नाही आलं हो, शेठ." मग उतरून चौकीकडे पळाल्या आणि कॅप्टनला त्यांनीच उचलून बसवलं. दवाखान्यातही त्याच गेल्या. मी ट्रक बाजूला लावत होतो.

शेठनी आज सांगितलं, बाईंना यार्ड बंद. कॅमेऱ्यात ट्रक भिंतीवर जाताना दिसतो, अकरा वाजून सतरा मिनिटं. केबिनच्या आतलं कॅमेऱ्यात येत नाही. मला म्हणाले, "तुमचा काय दोष मास्तर, तुम्ही ओरडून ओरडून किती ओरडणार."

दूध कंपनीच्या साहेबांचाही फोन आला. अपघाताचं त्यांच्या कानावर गेलं होतं, बाई चालवायला कशा आहेत, विचारत होते. "थोडा वेळ द्यावा लागेल," मी म्हणालो. परीक्षेच्या अर्जावर सही केली नाही. यार्डात अपघात केलेल्या माणसाला लगेच सही देणारा मास्तर कोण मानेल? नियम सगळ्यांना सारखा.

१६ फेब्रुवारी, रविवार

लेकीने आठवड्याच्या नोंदी बघितल्या. मी बाहेर कपडे वाळत घालत होतो, तिथे फोन घेऊन आली.

"बाबा, गुरुवारच्या डिझेलच्या पावतीचे दोन फोटो आहेत. एकात नुसतं बोट आहे. दुसरा सगळा हललाय."

"पहिला अस्पष्ट आहे म्हणालं तुझं ॲप. म्हणून दुसरा काढला."

"पंपावर?"

"असेल."

"ठिकाण यार्डाचं दाखवतंय. सव्वाअकराच्या पुढेमागे." मग जरा थांबून म्हणाली, "ट्रक किती वाजता लागला?"

"घड्याळ कोण बघतं तेव्हा," मी म्हणालो.

तिने माझ्या हातातला ओला सदरा घेतला, तारेवर टाकला, चिमटे लावले आणि आत गेली. चेहरा उतरला होता. ऑफिसात मार्चची घाई सुरू झाली असणार. पोरीला विश्रांती म्हणून नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कॅप्टनला बघायला गेलो. एका खोलीत राहतो, खिडकीत एक कुंडी, हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. पडल्या पडल्या डाव्या हाताने सलाम केला. बाई तिथेच होत्या. रोज सकाळी येतात म्हणे, त्याचं पाणी भरतात, केर काढतात, पाव घेऊन येतात. मला बघून उठून उभ्या राहिल्या. मला ते सहन झालं नाही, मी बसा बसा म्हणालो.

कॅप्टन म्हणाला, "मास्तर, बाईंवर रागावू नका. शिकताना होतं."

बाई खाली बघून म्हणाल्या, "मास्तर रागावले नाहीत. एक शब्द बोलले नाहीत मला. तेच जास्त लागतं."

मी पाच मिनिटांत निघालो. आणलेली फळं हातातच राहिली, ती रस्त्यात लक्षात आली. परत वर जायची हिंमत झाली नाही, तशीच घरी आणली. हिने विचारलं तर स्वस्त मिळाली म्हणून घेतली म्हणालो.

लेक तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. हिला विचारलं, काय झालंय तिला? ही म्हणाली, "तुम्हीच विचारा की. बाप आहात."

१९ फेब्रुवारी, बुधवार

ही वही कुणी वाचत नाही. तरी तेरा तारखेला मी हिच्यातही खोटं लिहिलं. आज खरं लिहितो.

मी 'थांबा' म्हणालो नाही.

बाई मागे येत होत्या, अगदी सरळ, मी शिकवलं तशा. सकाळी भरलेल्या डिझेलची पावती माझ्या खिशात होती. ट्रक मागे जायला अर्धं मिनिट लागणार, तेवढ्यात उरकू म्हटलं. पावती मांडीवर पसरली, फोटो काढला. ॲप म्हणालं, फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा काढा. पुन्हा काढायला वाकलो. आणि या सगळ्या वेळात माझं तोंड चालूच होतं: येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या. तेवीस वर्षांची सवय. त्याला डोळे लागत नाहीत. बाई माझ्या तोंडावर विश्वासून मागे येत राहिल्या आणि भिंतीवर गेल्या. दुसऱ्या ब्रेकवर माझा पाय नव्हता. पाय मुडपून पावतीखाली घेतला होता.

आणि शेठ आले तेव्हा माझ्या तोंडून 'थांबा म्हणून ओरडतोय' हे इतकं सहज निघालं की मलाच क्षणभर खरं वाटलं. तेव्हा बाई म्हणाल्या असत्या की खोटं आहे, तुम्ही येऊ द्या म्हणत होता, तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण त्या म्हणाल्या, मला ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतःला खोटं ठरवलं आणि माझी सुटका केली. मी ती घेतली.

लाज वाटते हे लिहून काय होणार? वहीला कळलं, बस. कॅप्टन बरा होईल. बाई पुढच्या वेळी परीक्षा देतील, मी फी घेणार नाही. माझा परवाना गेला तर या वयात मला कोण ट्रकवर घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ट्रक धूत होतो तर फाटकाबाहेर बाई उभ्या. यार्ड बंद म्हणून आत आल्या नाहीत. मी हात पुसत गेलो. त्यांच्या हातात दवाखान्याचं पाकीट होतं.

"मास्तर, कान तपासून आणले," त्या म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात. खोलीत बंद करून बसवतात, कानाला लावतात, आवाज आला की बटण दाबायचं."

त्यांनी कागद उघडून माझ्यासमोर धरला. दोन रेघा होत्या, लाल आणि निळी.

"डॉक्टर म्हणाले, कान लहान मुलासारखे चांगले आहेत. मला वाटलं होतं, भट्टीच्या पंख्याने गेले असतील. तसं असतं तर बरं होतं, यंत्र लावलं असतं." त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे कान नाही, डोकंच गेलंय माझं. तुम्ही ओरडताय आणि मला भलतंच ऐकू येतंय. अशा बाईने ट्रक चालवू नये. तुम्ही सही दिली नाहीत ते बरोबरच केलंत. तेवढं सांगायला आले."

मी म्हणालो, "एवढं मनाला लावून घेऊ नका, बाई."

हेच म्हणालो. त्यांच्या तोंडावर. त्या हो म्हणाल्या आणि गेल्या. चालताना वळणावर थांबून दोन्हीकडे तीन तीनदा बघत होत्या. रस्ता रिकामा होता.

तपासणीचे पैसे त्यांनी कुठून आणले असतील?

२२ फेब्रुवारी, शनिवार

मेल्याहून मेल्यासारखं झालंय, आणि तरी आज काय केलं ते लिहितो. लेकीला विचारलं, "समजा, एखाद्या नोंदीची वेळ चुकीची पडली असेल तर बदलता येते का?"

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"येते. पण आधीची काय होती, कुणी बदलली, कधी बदलली, तेही तसंच राहतं."

"आणि फोटो पुसला तर?"

"पुसला हे राहतं, बाबा."

"सहज विचारलं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. पुन्हा चिरायला लागली नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली, वाट बघत असल्यासारखी. मला वाटलं मीठ हवंय, मी डबा पुढे केला. तिने घेतला आणि खाली ठेवला. डोळे पाणावले होते, कांद्याने असतील. भाजी मात्र दोडक्याची होती, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

तिला कळलंय का?

२३ फेब्रुवारी, रविवार

तिला कळलंय. तिने आज नोंदी मागितल्या नाहीत.

मी होऊन तिच्या खोलीत गेलो. "सगळं बघितलंस ना?" म्हणालो. ती म्हणाली, "गेल्या रविवारीच." आठ दिवस माझी लेक माझ्यासोबत जेवत होती, मला वाढत होती आणि तिला ठाऊक होतं. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "मी बोलले असते तर तुम्ही माझ्यासाठी सांगितलं असतंत. मग त्या बाईंसाठी कोण सांगणार?"

मी कानांच्या तपासणीचं सांगितलं. तिने तोंडावर हात घेतला. "बाबा," एवढंच म्हणाली. लहानपणी माझ्या हातून तिचं मांजर ट्रकखाली आलं होतं, तेव्हाही तिने माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज बाईंची परीक्षा होती. बाईंशिवाय झाली.

दूध कंपनीच्या साहेबांना फोन केला. नाव न घेता विचारलं, अपघातात चूक शिकणाऱ्याची नसेल तर? ते म्हणाले, मास्तरने स्वतःच्या सहीने तसं लिहून दिलं तर जागा पंधरा मार्चपर्यंत राखू, पुढची परीक्षा सहाला आहे. तोंडी चालणार नाही. "पण मग मास्तरचं काय?" त्यांनीच विचारलं. मी म्हणालो, त्याचं तो बघेल.

हिला संध्याकाळी सांगितलं. ही म्हणाली, "पैशाचं आपण बघू. पण ती बाई रोज उठून त्या पहारेकऱ्याचा केर काढते आणि तुम्ही घरी येऊन गरम जेवता, हे मला बघवणार नाही." आणि मग म्हणाली, "उद्या सकाळी जा. दुपार झाली की तुम्हाला कारणं सुचतील." तीस वर्षं ओळखते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आधी शेठकडे गेलो. फोन उघडून दोन्ही फोटो दाखवले. अकरा सोळा, अकरा सतरा. शेठनी चष्मा लावून बघितलं, मग चष्मा काढला.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर मला जन्मात कळलं नसतं," ते म्हणाले.

"हो."

"मग सांगितलंत कशाला?"

"बाईंनी कान तपासून घेतले," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

शेठ वाईट माणूस नाही. म्हणाले, परवाना कार्यालयाला कळवावं लागेल, सहा महिने तरी जातील, कदाचित कायमचा. भिंत आणि कॅप्टनचा दवाखाना तुमच्याकडे. बाईंना यार्ड आजपासून उघडं, सहा तारखेपर्यंत दुसरा मास्तर त्यांच्याबरोबर बसेल. आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या शब्दावर मी त्या बाईला काय काय बोललो, मास्तर." मी मान वर केली नाही. कॅप्टनला बाहेर येऊन फोनवरच सांगितलं, समोर जायची छाती झाली नाही. तो म्हणाला, बाईंना सांगितलंत का? आधी त्यांना सांगायचं.

बरोबर होतं त्याचं. इथेही मी सोपं आधी केलं.

बाई बंद बेकरीच्या वर राहतात, दोन खोल्या. मुली शाळेत गेल्या होत्या. आतल्या खोलीत सासरे खोकत होते. बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारातच उभा राहून म्हणालो, "बाई, मी थांबा म्हणालोच नव्हतो."

त्यांनी घडी पुरी केली. "काय?"

"मी येऊ द्या म्हणत होतो. बघत फोनकडे होतो. पावतीचा फोटो काढत होतो. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या हळूच खाटेवर टेकल्या.

"मला येऊ द्याच ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येईपर्यंत मला माहीत होतं. मग वाटलं, मास्तर कशाला खोटं बोलतील? शिकवणारा माणूस. त्यापेक्षा मीच खोटी. त्या दिवसापासून बारा दिवस, मास्तर, धाकटी हाक मारते तर मी विचारते, खरंच मारलीस का गं? सासऱ्यांच्या गोळ्या मोजते, परत मोजते. काल गॅस बंद केला आणि चार वेळा उठून बघितला. मोठी म्हणाली, आई, तू अशी का करतेस?"

"मला माफ करा," मी म्हणालो.

"ते नंतर बघू. लिहून द्या."

वहीतला कोरा कागद फाडून नेलाच होता. त्यांच्या टेबलावर बसून लिहिलं. तारीख, वेळ, मी फोनवर नोंद करत होतो, डाव्या आरशाकडे बघत नव्हतो, ब्रेकवर पाय नव्हता, चालकाची काही चूक नाही. खाली सही केली. बाईंनी उभ्यानेच वाचलं आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"फोनचं लिहिलंत. दुसरं राहिलं."

"कुठलं?"

"सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंत ते."

सहीच्या वर जागा नव्हती. सहीच्या खाली लिहिलं आणि परत सही केली. पहिल्या आठ ओळींना लागला नसेल एवढा वेळ त्या दोन ओळींना लागला. कागद त्यांच्यापुढे धरला, पण त्यांनी घेतला नाही.

"वाचा," त्या म्हणाल्या.

आतून सासऱ्यांनी विचारलं, कोण आलंय? "मास्तर आलेत," बाई म्हणाल्या. "तुम्हीही ऐका, मामंजी."

मी वाचलं. वेळ, फोन, आरसा, ब्रेक, सगळं नीट वाचलं. शेवटच्या ओळींना आवाज बसला. 'मी थांबा असं म्हणालो नव्हतो. तसं म्हणालो हे मी खोटं सांगितलं. बाईंना जे ऐकू आलं तेच मी बोललो होतो.'

"ऐकू नाही आलं," बाई म्हणाल्या.

त्या माझ्यापासून दोन हातांवर उभ्या होत्या. मी घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं, मोठ्याने, यार्डाच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल एवढ्या आवाजात. आतला खोकला थांबला होता.

"आता आलं," त्या म्हणाल्या. मग कागद माझ्या हातातून घेतला, दवाखान्याच्या त्या पाकिटात ठेवला आणि मी जायची वाट बघत दाराशी उभ्या राहिल्या.